शांतिनिकेतन-बोलपूरला जाताय? खाण्यापिण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून शांतिनिकेतनला जाणारे बहुतेक जण आधी कोलकात्यात दोन-तीन दिवस काढतात. तिथे काठी रोल, बिर्याणी, रोशोगोल्ला सगळं होतं आणि बोलपूरच्या गाडीत बसताना वाटतं, बंगाली जेवण तर झालं आता. पण बोलपूर बीरभूम जिल्ह्यात आहे. लाल मातीचा, कोरडा, ताडाच्या झाडांचा हा मुलूख. याला राढ म्हणतात आणि इथली चूल कोलकात्याच्या चुलीहून वेगळी आहे. शांतिनिकेतनबद्दल विचारले जाणारे खाण्याचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली आहेत. सरळ वाचलंत तरी चालेल, हवा तो प्रश्न शोधलात तरी चालेल.

शांतिनिकेतनला गेल्यावर हे खाल्लंच पाहिजे असं एक जेवण सांगा.

बिउलीर डाल, आलू पोस्तो आणि भात. बिउली म्हणजे उडीद. सालं काढलेली उडदाची डाळ आलं आणि बडीशेप वाटून घालून शिजवतात. ती थोडी बुळबुळीत असते आणि उन्हाळ्यात पोटाला थंड पडते असं इथले लोक मानतात. आलू पोस्तो म्हणजे खसखशीच्या वाटणातली बटाट्याची कोरडसर भाजी. वर एक हिरवी मिरची आणि कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. मासा नाही, मांस नाही, कांदा-लसूणही बहुधा नाही. बीरभूम, बांकुडा, बर्धमान या पट्ट्यातला माणूस चार दिवस बाहेरगावी राहून घरी आला की हेच मागतो.

पर्यटकांच्या हॉटेलात तुमच्यासमोर आधी कोळंबीची मलाई करी आणि कोशा मांग्शो (मसाल्यात परतून शिजवलेलं मटण) येईल. तेही चांगलं असतं, पण ते कोलकात्यातही मिळतं.

पोस्तो म्हणजे आपली खसखसच ना? मग तिचं एवढं कौतुक का?

खसखसच. आपल्याकडे ती अनारशावर लावतात, मसाल्यात चमचाभर घालतात. इथे ती भाजीचा ऐवज असते. खसखस भिजवून शील-नोड्यावर, म्हणजे आपल्या पाट्या-वरवंट्यावर, हिरव्या मिरचीसोबत वाटतात. वाटताना पाणी थेंबाथेंबाने घालायचं, नाही तर वाटण निसटतं आणि दाणे तसेच राहतात. वाटण दुधट पांढरं आणि लोण्यासारखं झालं की हाताने निपटून घेतात. मग शिळेवर वाटीभर पाणी टाकून तेही भाजीत ओततात, कारण खसखस महाग आहे आणि शिळेला चिकटलेली वाया घालवणं कुणालाच परवडत नाही. भाजीची कृती त्यानंतर अगदी थोडी उरते. मोहरीचं तेल, कलौंजी, मिरची, बारीक चिरलेले बटाटे, वाटण, पाण्याचा हबका. बऱ्याच घरांत हळदसुद्धा घालत नाहीत.

खसखस इथे रुजली कशी याची गोष्ट अशी सांगतात: ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगालच्या अफूवर मक्तेदारी बसवली. बोंडांना चिरा देऊन चीक काढून घेतला की बोंडातलं बी कंपनीच्या कामाचं उरत नसे. ते गरिबांच्या चुलीपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. आज परिस्थिती उलटी आहे. अफूची लागवड केंद्राच्या परवान्यानेच करता येते आणि तो परवाना मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेश इथल्या शेतकऱ्यांना मिळतो. बंगाल खसखस खातो सगळ्यांत जास्त, पण पिकवू शकत नाही. २०२३ मध्ये मुख्यमंत्री ममता बॅनर्जींनी विधानसभेतच हा विषय काढला होता. त्यामुळे थाळीत पोस्तोची वाटी लहान दिसली तर हॉटेलवाल्यावर चिडू नका.

आलूखेरीज झिंगे पोस्तो (दोडक्याचा), पेंयाज पोस्तो (कांद्याचा) आणि पोस्तोर बडा (वडे) हे प्रकार आहेत. मला विचाराल तर झिंगे पोस्तो पहिला. दोडक्याला सुटलेल्या पाण्यात खसखस जशी मिळून येते तशी बटाट्यात येत नाही. आणि कुणी ‘कांचा पोस्तो बाटा’ वाढला, म्हणजे कच्चंच वाटण, कांदा आणि मोहरीचं तेल, तर समजा की यजमानाने तुम्हाला घरचं मानलं.

आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. बंगालमध्ये उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. उलट, बंगालचा शाकाहारी स्वयंपाक फार श्रीमंत आहे. तो वाढवला तो प्रामुख्याने घराघरांतल्या विधवांनी. त्यांना मासे, मांस, कांदा, लसूण, मसूरसुद्धा वर्ज्य होतं. जे उरलं त्यातून त्यांनी केळफुलाचा मोचार घोंटो, केळीच्या गाभ्याचा थोड, कोवळ्या फणसाची एचोडेर डालना, हरभऱ्याच्या डाळीच्या वड्यांची धोकार डालना असे पदार्थ उभे केले. कोवळ्या फणसाला तर ‘गाछपाठा’ म्हणतात, झाडावरचा बोकड!

मागताना ‘निरामिष’ हा शब्द वापरा. तो नुसत्या ‘व्हेज’पेक्षा कडक आहे. जुन्या वळणाच्या घरात निरामिष म्हणजे कांदा-लसूणही नाही. तरीही तीन ठिकाणी सावध राहा. मुगाची डाळ माशाचं डोकं घालूनही करतात. दुधी भोपळ्याच्या भाजीत कोळंबी असते, तिला लाउ-चिंगडी म्हणतात. आणि पालेभाजीत किंवा मिसळीच्या भाजीत, ज्याला छँचडा म्हणतात, माशाचे काटे-कल्ले पडलेले असू शकतात. दिसायला तिन्ही शाकाहारीच दिसतात. ‘माछ नेई तो?’ एवढं विचारलं की पुरे. तळणीचं तेल वेगळं आहे का, हा प्रश्न लहान हॉटेलात विचारण्यात फारसा अर्थ नाही. ज्यांना तेही चालत नाही त्यांनी राहत्या होमस्टेमध्ये आदल्या रात्री सांगून स्वतंत्र जेवण करून घ्यावं.

जैन जेवण मात्र कठीण. बटाटा इथे प्रत्येक गोष्टीत असतो.

ताटात सगळं एकदम येत नाही. जेवायचं कसं?

एकेक पदार्थ भातासोबत, क्रमाने. आपल्याकडे ताट वाढून झालं की वरण-भातावर तूप घेऊन मग मनाला येईल तसं डावं-उजवं खातो. इथे आधी कडू. शुक्तो नावाची फिकी, दुधाच्या अंगाची भाजी: कारलं, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, वांगं, रताळं आणि डाळीचे सांडगे. चैत्रात तिच्या जागी कडुलिंबाची कोवळी पानं आणि वांगं तळून देतात. मग पालेभाजी. मग डाळ आणि तिच्यासोबत काहीतरी तळलेलं. मग रस्सा भाजी, मग मासा, मग असलं तर मटण. शेवटी गोड चटणी आणि पापड, त्यानंतर मिठाई किंवा दही.

चटणी हे लोणच्यासारखं तोंडी लावणं नव्हे. टोमॅटो, खजूर, आंबापोळी यांचा तो गोड-आंबट मुरंबाच असतो आणि तो जेवण संपताना, नुसता किंवा पापडाशी खायचा. पहिल्या घासाला संपवलात तर वाढणारी व्यक्ती हसेल, पण आणखी वाढेल.

भात उकड्या तांदळाचा असतो. कोकणातल्या माणसाला तो लगेच ओळखीचा वाटतो, देशावरच्याला दोन जेवणं लागतात. गोविंदभोग नावाचा बारीक सुवासिक तांदूळ पायेश (खीर), खिचुडी अशा खास पदार्थांसाठी राखून ठेवतात.

पोळी-भाकरी मिळेल का?

दुपारी विसरा. रात्री ‘रुटी’ मिळते, गव्हाची, आपल्या फुलक्यासारखी. लुची म्हणजे पुरी, पण मैद्याची, पांढरीशुभ्र, आणि ती सकाळी छोलार डाल (हरभऱ्याची डाळ) किंवा आलूर दमसोबत खायची असते. भाकरी नाही.

मोहरीच्या तेलाचा वास सहन होत नाही. काय करावं?

रस्सेदार भाज्यांत तेल आधी धूर येईपर्यंत तापवलेलं असतं, तिथे तो उग्रपणा बराच मरतो. कच्चं तेल वरून घातलेले पदार्थ, जसे भाते (उकडून कुस्करलेली भाजी) किंवा भर्ता, पहिल्या दिवशी टाळा. शुक्तो, छोलार डाल, धोकार डालना यांनी सुरुवात करा. लहान हॉटेलात ‘रिफाइंडमध्ये करून द्या’ असं सांगू नका. करून देतील, पण चव कुठेच राहणार नाही.

भाजीत साखर असते, ही तक्रारही नेहमीची. चिमूटभर असते. बंगाली जेवणातही दोन घराणी आहेत: पश्चिमेकडचे घोटी साखर घालतात, पूर्व बंगालमधून आलेले बाङाल मिरचीला जास्त मान देतात. बोलपुरात दोन्ही भेटतील.

मासे कोणते खावेत? आम्हाला सुरमई-पापलेटची सवय आहे.

मग पहिली गोष्ट: हे गोड्या पाण्यातले मासे. खोबरं नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. मोहरीचं वाटण, हळद, कलौंजी, मिरची. चव मऊ असते आणि काटे बारीक.

काट्यांची भीती असेल तर रुई किंवा कातला मागवा आणि ‘पेटी’चा तुकडा द्या म्हणा. पेटी म्हणजे पोटाकडची बाजू, तिथे काटे मोठे आणि थोडे. ‘गादा’ म्हणजे पाठीकडची बाजू, तिथे वाय आकाराचे बारीक काटे लपलेले असतात. लहान मुलांना पेटीच द्या. घास भातासोबत बोटांनी चाचपून घेतला तर काटा कळतो, चमच्याने खाणाऱ्याला कळत नाही. पाबदा हा माशांच्या जगातला सज्जन माणूस आहे: मधला एक काटा, बाकी सगळं लोण्यासारखं. टेंगरा झणझणीत झोलात छान लागतो. मौरला म्हणजे बोटाएवढे मासे, कुरकुरीत तळून किंवा आंबट करून, आणि काट्यासकट खायचे.

इलिशच्या मागे मात्र इथे लागू नका. तो पावसाळ्यातला, समुद्रातून नदीत चढणारा मासा आणि बोलपूर समुद्रापासून दूर. इथे तो बर्फातून येतो, महाग पडतो आणि काट्यांच्या बाबतीत नवख्याची परीक्षा पाहतो. तळ्यातला ताजा मासा सोडून इथे इलिश मागवणं मला तरी पटत नाही.

सकाळी नाश्त्याला काय मिळतं?

हॉटेलात लुची-तरकारी किंवा ब्रेड-ऑम्लेट. पण बीरभूमचा खरा नाश्ता मुडी, म्हणजे चुरमुरे. आपले चुरमुरे भेळेपुरते किंवा चिवड्यापुरते. इथे घरोघरी सकाळ-संध्याकाळ वाडगाभर मुडी खातात आणि शेतावर जाताना बांधून नेतात. गरम वाळूत फुलवलेली ही मुडी जाडसर असते. तिच्यात आलूर चॉप (बटाट्याचा वडा म्हणा, आवरण बेसनाचंच) कुस्करायचा, कच्चा कांदा, हिरवी मिरची, मोहरीचं तेल, कधी घुगनी म्हणजे पांढऱ्या वाटाण्याची उसळ, आणि काही जण वरून पाण्याचा शिपका मारतात. लगेच खायची. संध्याकाळी पाचनंतर बोलपूरच्या बाजारात तेलेभाजाच्या, म्हणजे तळणाच्या, गाड्यांवर हेच मिळतं. दुकानदार कागदाच्या ठोंग्यात मुडी भरतो, वर दोन बेगुनी, म्हणजे वांग्याची भजी, ठेवतो. आपल्या वडापाववाल्याकडे असते तशीच गर्दी तिथेही असते.

हिवाळ्यात सकाळी ‘कडाइशुंटीर कोचुरी’ दिसली तर थांबा. ताज्या मटारचं सारण भरलेली ती पुरी वर्षातले दोन-तीन महिनेच मिळते.

गोडात काय? आणि नोलेन गूड हा काय प्रकार आहे?

नोलेन गूड म्हणजे शिंदीच्या रसाचा नवा गूळ. हिवाळ्यातच होतो. ज्याला सवड आहे त्याने डिसेंबर-जानेवारीत एक सकाळ यासाठी ठेवावी, आणि ती सोनाझुरीच्या हाटापेक्षा, म्हणजे तिथल्या हस्तकलेच्या बाजारापेक्षा, जास्त लक्षात राहील असं माझं मत आहे.

रस काढणाऱ्याला शिउली म्हणतात. तो संध्याकाळी झाडावर चढून शेंड्याखालची साल तासतो, बांबूची पन्हळ ठोकतो आणि मडकं बांधतो. पहाटे मडकी उतरवतात. शेताच्या कडेला खणलेल्या चुलाण्यावर पसरट कढईत रस ओततात आणि पाला-काटक्यांचा जाळ करतात. आधी पांढरा फेस येतो, तो काढत राहायचा. मग रंग चहासारखा, मग तांबूस. फुगे लहान असतात तोवर घाई नसते, ते मोठे होऊन ‘फुटुक फुटुक’ करू लागले की कढई उतरवायची वेळ होते. पातळ ठेवला तर झोला गूड, आणखी आटवून साच्यात ओतला तर पाटाली. झाडाला काही दिवस विश्रांती देऊन पुन्हा तासल्यावर पहिल्या दिवशी जो रस येतो त्याला जिरेन काठ म्हणतात. त्याचा गूळ सगळ्यांत सुवासिक.

पाटाली विकत घेताना नखाने दाबून पाहा. खरी पाटाली मऊ असते, तोंडात लगेच विरघळते. दगडासारखी टणक आणि चकचकीत असली तर साखर मिसळलेली असण्याची शक्यता दाट. रंग फार फिका असला तरी शंका घ्या.

याच गुळाचे रोशोगोल्ला, शोंदेश, पायेश या दिवसांत मिळतात. संक्रांतीला, म्हणजे पौष संक्रांतीला, आपल्याकडे तिळगूळ तसे इथे पिठे-पुली. पाटीसापटा हा त्यातला सोपा: तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं, आत गूळ-खोबऱ्याचं किंवा खव्याचं सारण. पुलीचं आवरण उकडीचं, सारण खोबऱ्याचं. ती खाताना मोदक आठवला तर नवल नाही.

उन्हाळ्यात यातलं काहीच नसतं. मार्चनंतर कुणी ‘नोलेन गुडेर’ म्हणून विकत असेल तर तो साठवलेला गूळ किंवा नुसता वास.

शिंदीचा ताजा रस प्यावा का?

कच्चा नको. मडक्यावर रात्री वटवाघळं येतात आणि निपाह विषाणूचा प्रसार अशा कच्च्या रसातून झाल्याचं बांगलादेशात दिसून आलं आहे. उकळून केलेला गूळ बिनधास्त खा.

कोणत्या महिन्यात गेलं तर काय मिळेल?

हिवाळ्याचं वर आलंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये शेवग्याच्या फुलांची भाजी आणि कोवळ्या शेंगा. एप्रिल ते जून भयंकर उकाडा असतो. तेव्हा कैरीची आंबट डाळ, ताडगोळे आणि पांताभात, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा, मिरची, पोस्तोचे वडे. ऊन सोसणाऱ्याला हे जेवण किती शहाणपणाचं आहे ते दुपारी दोन वाजता कळतं. पावसाळ्यात खिचुडी.

भाद्रपदात ताड पिकतो आणि हा प्रकार मराठी माणसाला नवा असतो. किनाऱ्यावर आपण ताडगोळे कोवळे खातो, पिकलेल्या फळाकडे सहसा बघत नाही. इथे पिकलेलं काळं फळ सोलून चाळणीवर घासतात, केशरी गर काढतात, त्यात तांदळाचं पीठ, खोबरं, गूळ घालून तालेर बडा तळतात. जन्माष्टमीला तो घराघरांत होतो. वास तीव्र असतो. आवडला तर फार आवडतो, नाही तर एकात पुरे होतं.

पौष मेळ्याला किंवा वसंतोत्सवाला गेलं तर जेवण चांगलं मिळतं का?

मेळ्याची मजा वेगळी, जेवणाची वेगळी. पौष मेळा ७ पौषाला, साधारण २३ डिसेंबरला सुरू होतो. रवींद्रनाथांचे वडील देवेंद्रनाथ ठाकुर यांनी १८४३ मध्ये याच तिथीला ब्राह्मधर्माची दीक्षा घेतली होती. मेळ्यात पिठे, जिलपी, घुगनी असं फिरता-फिरता खायचं भरपूर असतं, पण त्या दिवसांत हॉटेलांची स्वयंपाकघरं गर्दीखाली दबलेली असतात, थाळी आटोपती होते. गेल्या काही वर्षांत मेळ्यात खंडही पडला आणि वसंतोत्सव बाहेरच्या लोकांसाठी बंद ठेवला गेला, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या वर्षीचं नक्की काय ते विचारा. खाण्यासाठीच जायचं असेल तर जानेवारीचा मधला आठवडा निवडा. गूळ भरात असतो, पिठे असतात आणि अजय नदीकाठी जयदेव-केंदुलीचा बाउलांचा (फिरत्या लोकगायकांचा) मेळा संक्रांतीला भरतो. तिथल्या आखाड्यांत येणाऱ्याला पंगतीत बसवून खिचुडी वाढतात. बसा, खा, गाणं ऐका, जमेल ती दक्षिणा ठेवा.

जेवायला कुठे जावं? हॉटेलांची नावं द्या.

नावं देत नाही. इथली स्वयंपाकघरं एका हातावर चालतात, तो हात बदलला की चव बदलते. त्यापेक्षा ओळखायचं कसं ते सांगते. फळ्यावर खडूने दहा पदार्थ लिहिलेले असले आणि त्यातले दोन खोडलेले असले तर आत जा, कारण तिथे रोज सकाळी बाजार होतो. छापील मेनूत चिनी, पंजाबी, मुघलाई सगळं असेल तर बंगाली थाळी तिथे नावापुरती.

सगळ्यांत उत्तम जेवण होमस्टेचं, पण ते आधी सांगावं लागतं. सकाळी चहासोबतच दुपारचं सांगा. ‘आज काय ताजं आहे, तेच करा’ हे वाक्य कामाचं आहे. लहान हॉटेलातही दीडच्या आत पोचा, अडीचला पोस्तो संपलेला असतो. आणि बुधवार लक्षात ठेवा. विश्वभारती या इथल्या विद्यापीठाची साप्ताहिक सुट्टी बुधवारी असते, रविवारी नाही. संग्रहालय बंद असल्यामुळे तो दिवस निवांत जेवणाला आणि कोपाई नदीकडे फिरण्याला बरा.

‘ठाकुरबाडीचं जेवण’ म्हणून महागडी थाळी मिळते. रवींद्रनाथ खरंच हे खात होते का?

ठाकुरबाडी म्हणजे ठाकुर घराण्याचा कोलकात्यातला जोडासांको वाडा. तिथलं स्वयंपाकघर खरोखर नावाजलेलं होतं. रवींद्रनाथांची पुतणी प्रज्ञासुंदरी देवी हिने पाककृतींची मोठी पुस्तकं लिहिली आणि काकांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला फ्लॉवरची बर्फी केली, हेही प्रसिद्ध आहे. पण तो वाडा कोलकात्यात. शांतिनिकेतनच्या आश्रमासाठी देवेंद्रनाथांनी १८८८ मध्ये जे विश्वस्तपत्र केलं त्यात आवारात मूर्तिपूजा, मांसाहार आणि मद्य यांना मनाई होती. १९०१ मध्ये शाळा सुरू झाली तेव्हा मुलांचं जेवण साधंच असे. तेव्हा बारा वाट्यांची थाळी हौसेने खा, फक्त ती आश्रमाची परंपरा आहे असं समजू नका.

आजूबाजूच्या संथाळ गावांत जेवता येतं का?

ओळखीने, बोलावणं असेल तर. शाल वृक्षाच्या पानांत गुंडाळून भाजलेला मांसाचा आणि तांदळाच्या पिठाचा जिल पिठा हा त्यांचा सणाचा पदार्थ आहे. हंडिया ही तांदळाची दारू त्यांच्या पूजेचाही भाग आहे, पर्यटकांच्या गंमतीची वस्तू नाही. रस्त्यावर कुणी बाटलीत भरून विकत असेल तर घेऊ नका. आणि कुणाच्या अंगणात शिरून चुलीचे फोटो काढू नका, हे खरं तर सांगावं लागू नये.

जवळच्या देवळांत प्रसादाचं जेवण मिळतं का? ते शाकाहारी असतं ना?

कंकालीतला बोलपूरपासून आठ-दहा किलोमीटरवर, तारापीठ त्याच जिल्ह्यात पण बरंच लांब. दोन्ही शक्तीची स्थानं, त्यामुळे भोग शाकाहारीच असेल असं धरून चालू नका. तारापीठला देवीला शोल माशाचा नैवेद्य असतो. बळीच्या बोकडाचं मांस कांदा-लसूण न घालता शिजवतात आणि त्याला चक्क ‘निरामिष मांग्शो’ म्हणतात. कूपन घेण्याआधी विचारा.

उपासाला काय?

साबुदाण्याची खिचडी मिळणार नाही. इथे साबू आजाऱ्याला देतात, किंवा उपासाला भिजवून केळं, खोबरं, दूध घालून कालवतात. भगर, राजगिरा सोबत न्या. फळं, दही, शोंदेश मिळतात. छेन्याचं, म्हणजे नासवलेल्या दुधाचं, गोड उपासाला चालतं की नाही ते तुमच्या घरच्या रीतीवर.

पाणी, पोट आणि लहान मुलं?

पाणी बाटलीचं किंवा खात्रीने गाळलेलं. पोटाचा त्रास मसाल्याने कमी आणि तेल-तळणाने जास्त होतो, तेव्हा दुपारी भरपेट जेवलात तर संध्याकाळचे चॉप दोनच खा. मुलांना आलू भाते (उकडलेला बटाटा, तूप, मीठ) आणि भात कुठेही करून देतात.

बंगाली येत नाही. चालेल का?

चालतं. टोटोवाले (बॅटरीच्या रिक्षावाले), दुकानदार यांना हिंदी कळतं. वाढणाऱ्या बाईंना ‘दीदी’ किंवा वयाप्रमाणे ‘माशीमा’, पुरुषांना ‘दादा’ म्हणा. ‘झाल कम’ म्हणजे तिखट कमी, ‘आर ना’ म्हणजे आणखी नको. दुसरं वाक्य तीनदा म्हणावं लागतं. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या आसपास बंगाली शिकायला इथेच येऊन राहिले होते, तेव्हा मराठी माणसाने दहा शब्द शिकायला हरकत नसावी.

जाता-येता वाटेत काय खावं?

हावड्याहून सकाळची शांतिनिकेतन एक्स्प्रेस धरलीत तर दुपारच्या जेवणाला बोलपुरात असता. गाडीत झालमुडीवाले आणि एकतारा घेतलेले बाउल दोघेही चढतात. बर्धमानची सीताभोग आणि मिहीदाना ही जोडी प्रसिद्ध आहे. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झन बर्धमानला आला तेव्हा त्याच्यासाठी ती केली होती असं सांगतात. मिहीदाना म्हणजे मोहरीएवढ्या बुंदीचा मोकळा गोड पदार्थ, सीताभोगात छेना असतो आणि तो दिसतो थेट भातासारखा. मोटारीने गेलात तर शक्तिगडला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लँगचाची दुकानं लागतात. लांबट, तळलेला, पाकातला. गरम असेल तरच घ्या.

घरी काय आणावं?

सिउडीचा मोरब्बा: कोहळा, बेल, शतावरीचासुद्धा. सिउडी हे जिल्ह्याचं ठिकाण आणि मोरब्बा त्याची ओळख. टिकतो, सांडत नाही. पाटाली गूळ कागदात गुंडाळून आणा, घरी आल्यावर फ्रिजमध्ये ठेवा. गोविंदभोग तांदूळ. रांधुनी हा मसाला नक्की घ्या, दिसतो ओव्यासारखा, पण वास निराळा, आणि तो नसेल तर शुक्तो जमत नाही. कासुंदी, म्हणजे आंबवलेल्या मोहरीचं वाटण, काचेच्या बाटलीत येतं, विमानात ती चेक-इन सामानातच टाका. मिष्टी दोईचं (गोड दह्याचं) मडकं आणि गुळाचा शोंदेश तिथेच संपवा. दीड दिवसाच्या रेल्वे प्रवासात दोन्ही टिकत नाहीत. मिहीदाना सीताभोगापेक्षा जास्त तग धरतो.

दुबई, सौदी किंवा सिंगापूरला राहणाऱ्यांनी मात्र खसखस अजिबात नेऊ नये. तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते, आणि ‘भाजीसाठी होती’ हे उत्तर विमानतळावर चालत नाही. अनारशांवर लावलेलीसुद्धा नको.